उपग्रहांची उसनवारी : प्रकल्प नोंदी

9 जानेवारी 2025, गुरुवार

मॅडमनी कॉलेजच्या प्रकल्पाच्या विषयावर सही केली. आता माघार नाही. त्यांचा एकच हट्ट आहे: अहवाल शेवटच्या आठवड्यात पाडायचा नाही, काम झालं त्या दिवशी वहीत लिहायचं आणि चुका खोडायच्या नाहीत. म्हणून ही वही.

काम असं. एकाच वर्तुळाकार कक्षेत, 500 किलोमीटर उंचीवर, सारख्या अंतराने फिरणारे बारा एकसारखे उपग्रह. काहींच्या टाकीत इंधन भरपूर, काहींची तळाला गेलेली. जमिनीवरून काही पाठवायचं नाही, आपापसांत वाटून घ्यायचं. कोणी कोणाला द्यायचं, कोणी कोणाकडे जायचं आणि येण्याजाण्यात कमीत कमी कसं जळेल, हे बसवायचं. मी आईला समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे उसनवारीच की." फोल्डरचं नाव तेच ठेवलंय.

नळाला पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गल्लीत राहणाऱ्याला हा विषय वेगळा शिकवावा लागत नाही. आमच्याकडे मोठी टाकी असलेले शेजारच्यांना नळी लावून देतात, आणि कोणाची टाकी कितपत भरलीय याचा हिशोब सगळ्या गल्लीला तोंडपाठ असतो.

संध्याकाळी बातमी वाचली, इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतल्या दोन उपग्रहांची कक्षेतली जोडणी पुन्हा पुढे ढकलली. प्रकल्पातला जोडीदार म्हणाला, "काय बे, इस्रोचंच अजून जुळेना, आणि आपण टाक्या भरायला निघालो."

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सोलापूरच्या गड्ड्याची जत्रा. काम शून्य.

16 जानेवारी, गुरुवार

जुळलं! 30 डिसेंबरला पीएसएलव्ही-सी60 रॉकेटने श्रीहरिकोट्याहून नेलेले स्पेडेक्सचे दोन उपग्रह, प्रत्येकी 220 किलोच्या आसपास, आज एकमेकांना घट्ट धरून एक झाले. रविवारी त्यांना 15 मीटर आणि मग 3 मीटरपर्यंत जवळ आणून परत मागे घेतलं होतं, तेव्हा आमच्या ग्रुपवर "साखरपुडा मोडला" असले मेसेज फिरत होते. अमेरिका, रशिया, चीन यांच्यानंतर हे जमलेला आपला चौथा देश.

आमच्या कामाचा भाग एवढाच की टप्पे नीट वाचले. 5 किमी, दीड किमी, 500 मीटर, 225, 15, 3. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, तपासायचं, मग पुढे. शेवटच्या टप्प्यात इंधनापेक्षा धीर जास्त लागतो. म्हणून ठरवलं की मॉडेलमध्ये फक्त लांबचा प्रवास मोजायचा. जवळ येण्याचा आणि जोडणीचा खर्च प्रत्येक भेटीला ठोक धरायचा, आणि सगळ्या भेटींना तो सारखाच म्हणून तुलनेतून काढून टाकायचा. ही आमची सोय आहे, अहवालातही तसंच लिहायचं.

20 जानेवारी, सोमवार

आधीचं वाचन. हे कल्पनेतलं नाही हे दाखवायला तीन गोष्टी पुरतात. 1978 मध्ये प्रोग्रेस यानाने सॅल्यूट-6 स्थानकात इंधन भरलं, कक्षेत इंधन भरण्याची ती पहिली वेळ. 2007 मध्ये अमेरिकेच्या ऑर्बिटल एक्सप्रेसने दोन उपग्रहांत माणसाचा हात न लावता हायड्राझीन हे इंधन इकडून तिकडे दिलं. आणि 2013 च्या जानेवारीत अंतराळ स्थानकाबाहेर नासाने यंत्रहाताने एका नमुना उपग्रहाच्या तारा कापल्या, टोपणं उघडली आणि आत इथेनॉल भरलं.

तारा कापायच्या, कारण बहुतेक उपग्रह पुन्हा भरायचे म्हणून बनवलेलेच नसतात. उड्डाणाआधी टाकी भरतात, टोपण घट्ट करतात, वरून तार गुंडाळतात आणि उष्णतारोधक चादर घालतात. आमचे बारा मात्र सुरुवातीपासून भरण्याजोगे आहेत असं धरलंय. कागदावर मन मोठं करायला काय जातं.

24 जानेवारी, शुक्रवार

पहिला कोड चालला आणि आमचा उपग्रह जमिनीखालून गेला.

झालं असं. शेजारचा उपग्रह 30 अंश पुढे आहे. त्याला गाठायचं तर वेग वाढवून चालत नाही. वेग वाढला की कक्षा मोठी होते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि तुम्ही आणखी मागे पडता. ब्रेक लावायचा. मग कक्षा आतून थोडी लहान होते, फेरी लवकर पूर्ण होते आणि पुढच्याशी अंतर कमी होतं. जोडीदाराला हे पटेना. अक्कलकोट रोडला ट्रकमागे अडकलेल्या माणसाला ब्रेक लावून पुढे जा म्हटल्यासारखं वाटतं, हे मान्य आहे.

आम्ही कोडला सांगितलं, एकाच फेरीत गाठ. 500 किमीवर फेरी साधारण 94.6 मिनिटांची. ती बाराव्या हिश्श्याने लहान करायची तर लंबवर्तुळाचा खालचा बिंदू भूपृष्ठाच्या 275 किमी खाली येतो. कोडने तक्रार केली नाही. 462 मीटर प्रतिसेकंद एवढा वेगबदल लागेल म्हणून व्यवस्थित उत्तर छापलं, दोन दशांश स्थळांपर्यंत. आलेख काढला नसता तर हे तसंच अहवालात गेलं असतं.

आता अट घातली: खालचा बिंदू 300 किमीच्या वर हवा. म्हणजे 30 अंशांसाठी कमीत कमी चार फेऱ्या. आणि फेऱ्या वाढवल्या की खर्च, म्हणजे लागणारा वेगबदल, धाडकन उतरतो (वेगबदल जेवढा जास्त तेवढं इंधन जास्त). दहा फेऱ्यांत, म्हणजे साडेपंधरा तासांहून थोडं जास्त, 43 मी/से. पन्नास फेऱ्यांत, सव्वातीन दिवसांत, साडेआठ. फेऱ्या दुप्पट केल्या की खर्च जवळजवळ निम्मा. इथे घाईचे पैसे मोजावे लागतात, अंतराचे त्या मानाने कमी.

2 फेब्रुवारी, रविवार

मामा जेवायला आला होता. त्याचा पाण्याचा टँकर आहे, लग्नसराईत उसंत नसते. तो शेंगाचटणी नि दह्याबरोबर कडक भाकरी मोडत होता तेव्हा त्याला प्रकल्प सांगितला. त्याचा पहिला प्रश्न: "खेपेला डिझेल किती?"

मी म्हटलं, मामा, इथे डिझेल आणि पाणी एकच. जे द्यायला निघालाय, तेच वाटेत जळतं.

मामा घास तोंडापाशी धरून थांबला. "म्हणजे टँकर पाणी पिऊनच चालतो होय?"

हो. अगदी तसंच. आणि आणखी एक वांधा आहे, जेवढं जास्त पाणी भराल तेवढं ओढायलाच जास्त पाणी लागतं. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने 1903 मध्ये लिहून ठेवलेलं समीकरण हेच सांगतं. मामाने विचारलं, "मग भरलेला टँकर कशाला हलवतीस? ज्याला पाहिजे त्याला रिकामी गाडी घेऊन ये म्हण."

भाकरी संपवून तो गेला. मी ताट तसंच ठेवून लॅपटॉप उघडला.

3 फेब्रुवारी, सोमवार

मामाचं गणित करून बघितलं. प्रत्येक उपग्रहाचं सुकं (इंधनाशिवायचं) वजन 100 किलो, इंधन हायड्राझीन, विशिष्ट आवेग (इंजिन इंधन किती काटकसरीने वापरतं त्याचं माप) 220 सेकंद. देणाऱ्याकडे 24 किलो, घेणाऱ्याकडे 4. दोघं 30 अंशांवर. दहा फेऱ्यांत जायचं, दहा फेऱ्यांत परत आपल्या जागी यायचं. प्रकल्पाची अट: शेवटी प्रत्येकाकडे किमान 12 किलो हवं.

देणारा गेला तर: 124 किलोचं धूड निघतं, जाताना 2.4 किलो जळतं, देऊन परतताना 2.2. एकूण 4.6.

घेणारा आला तर: 104 किलोचं निघतं, येताना 2.0, भरून घेऊन परतताना तेच 2.2. एकूण 4.2.

तहानलेल्याने विहिरीकडे जावं हे आजीच्या तोंडून हजारदा ऐकलंय, पण त्यात 400 ग्रॅम वाचतात हे आज कळलं. अर्थात तहानलेल्याला विहिरीपर्यंत पोचण्याइतकं त्राण हवं. त्याच्याकडे दीड किलोच असतं तर तो अर्ध्या वाटेत अडकला असता, तिथे देणाऱ्यालाच जावं लागेल. तेव्हा प्रत्येक जोडीत दोन्ही बाजू तपासायच्या आणि स्वस्त ती धरायची.

शिवाय नीट बघितलं तर दोन्ही प्रकारे अट मोडतेच. 28 मधून सव्वाचार गेले की 24 उरत नाहीत, दोघांना बारा-बारा कुठून येणार? पन्नास फेऱ्या दिल्या की एकूण जळतं 0.85 किलो आणि सगळं आरामात बसतं. घाईबद्दल जे 24 तारखेला लिहिलं तेच पुन्हा.

27 फेब्रुवारी, गुरुवार

जोड्या लावणं. सहा देणारे, सहा घेणारे, 720 प्रकारे जोड्या लागतात. बारा-बारा असते तर 47,90,01,600. एकेक तपासत बसायचं नसेल तर हंगेरियन पद्धत आहे. हॅरोल्ड कून यांनी 1955 मध्ये मांडली, कोनिग आणि एगरवारी या दोन हंगेरियन गणितींच्या कामावर बेतलेली म्हणून नाव तसं. सायपाय या पायथनच्या गणिती संचात अशी जुळणी करणारं फंक्शन तयार मिळतं, एका ओळीत.

वधूवर सूचक मंडळाचं काम आहे हे. प्रत्येक मुलाला त्याच्या दृष्टीने सर्वांत चांगलं स्थळ देत गेलात तर शेवटच्याच्या वाट्याला जे येतं ते सगळ्यांना महाग पडतं. एकूण खर्च कमी करायचा तर काहींना दुसरं-तिसरं स्थळ पत्करावं लागतं.

पहिल्या धावेत एकूण खर्च आला शून्य. जोडीदार खूश, "झालं बे, नोबेल." बघितलं तर ज्या जोड्या जमूच शकत नाहीत (इंधन पुरत नाही किंवा खालचा बिंदू 300 किमीखाली जातो) त्यांच्या जागी मी शून्य भरून ठेवलं होतं. खर्चांचा तक्ता (मॅट्रिक्स) रिकामा ठेवताना सवयीने केलेलं. पद्धतीने इमानेइतबारे सगळ्या अशक्य जोड्या निवडल्या, कारण त्या फुकट होत्या. तिथे आता दहा लाख भरलेत. या चुकीत तीन तास गेले. खोडत नाही, मॅडम.

13 मार्च, गुरुवार

होळी. आणि आज स्पेडेक्सचे दोघं वेगळे झाले. जोडण्याइतकंच सोडणंही धडपणे व्हावं लागतं, आमच्या मॉडेलमध्ये ते गृहीतच धरलेलं.

खाली होळी पेटायची होती तेव्हा एक गोष्ट सुचली. आम्ही प्रत्येकाला परत आपल्याच जागी पाठवतोय. का? बाराही एकसारखे आहेत. पंगतीत मीठ आणायला उठलेल्याने परत त्याच पाटावर बसावं असा नियम नाही, मोकळा पाट दिसेल तिथे बसावं, ताट सारखंच आहे. (आजीला हे पटणार नाही, तिचा पाट ठरलेला.)

कुठे उपयोग होतो? जोड्या उलटसुलट लागतात तिथे. समजा 1 आणि 5 नंबर घेणारे, 2 आणि 4 देणारे. सरळ बघितलं तर 1 ने 2 कडे आणि 5 ने 4 कडे जावं. पण 5 पार तळाला गेलाय, 4 कडचं त्याला पुरत नाही, 2 कडचंच पुरतं. म्हणून 1 जातो 4 कडे आणि 5 येतो 2 कडे, दोघंही 90 अंश. परतताना आपापल्या जागी म्हणजे पुन्हा 90-90. पण जागा बदलल्या तर? 4 पाशी असलेला 1 शेजारच्या 5 च्या जागी बसेल, 2 पाशी असलेला 5 बसेल 1 च्या जागी. दोघांना 30-30. पन्नास फेऱ्यांच्या हिशोबात परतीचा वेगबदल 25 वरून साडेआठवर.

रात्री जोडीदाराला फोन केला तर मागे त्यांच्या विणकामाच्या मागांची खटखट, काही ऐकू येईना. त्याने बाहेर येऊन ऐकलं आणि म्हणाला, हे आधी कोणीतरी केलेलं असणार. शोधलं. केलेलं आहे, दत्ता आणि त्सिओत्रास या संशोधकांनी. थोडं वाईट वाटलं. मग बरं वाटलं, म्हणजे रस्ता बरोबर आहे.

25 मार्च, मंगळवार

वाटलं होतं तेवढं सोपं नाही. आता कोण निघणार, कोणाकडे जाणार आणि कोणत्या जागी परतणार अशा तीन गोष्टी एकदम जुळवायच्या. दोनाची जुळणी हंगेरियन पद्धत झटक्यात करते. तिनाची जुळणी रिचर्ड कार्प यांनी 1972 मध्ये दिलेल्या एकवीस अवघड प्रश्नांच्या यादीत आहे. मोठ्या आकड्यांना झटपट आणि खात्रीचं उत्तर देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही, आम्हाला दोन महिन्यांत सापडण्याची शक्यता कमी.

आमचा तोडगा: आधी फक्त जोड्या लावायच्या. त्या गोठवायच्या. मग परतीच्या जागांसाठी हंगेरियन पद्धत दुसऱ्यांदा चालवायची. मग जागा गोठवून जोड्या पुन्हा. असं खर्च उतरायचा थांबेपर्यंत.

सहाच जोड्या असल्याने खरं उत्तर रगडून काढता येतं: 720 जोड्या, 720 परतीच्या जागा आणि प्रत्येक जोडीत कोण हलणार याचे 64 प्रकार, मिळून 3,31,77,600. रात्री लावून झोपले. पहाटे लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकते. अधूनमधून निकाल फाइलमध्ये लिहावेत एवढी अक्कल आता आली.

29 मार्च, शनिवार

दुसऱ्या खेपेस पूर्ण झालं. बहुतेक उदाहरणांत आमचं आणि खरं उत्तर एकच. काहींत आमचं महाग, आणि ती सगळी उदाहरणं अशी की सुरुवातीलाच "कोण हलणार" हे चुकलं आणि मग ते गोठलंच. उद्या पाडवा, परवा बघू.

8 एप्रिल, मंगळवार

वरच्या मजल्यावरची खोली दुपारी भट्टी होते. काम सकाळी सात ते दहा.

मॅडमचा प्रश्न: सगळे एकाच प्रतलात, म्हणजे कक्षेच्या एकाच सपाट पातळीत, कशाला? खऱ्या ताफ्यांत अनेक प्रतलं असतात. बरोबर आहे. पण प्रतल बदलणं म्हणजे जवळजवळ साडेसात किलोमीटर प्रतिसेकंदाने धावणाऱ्याची दिशा वळवणं. विषुववृत्ताशी 55 अंश कललेल्या दोन कक्षा विषुववृत्तापाशी 10 अंशांनी सरकलेल्या असतील तर थेट उडी 1,087 मी/से खाते. आमच्या 100 किलोच्या उपग्रहाला टाकी भरून 30 किलो मिळालं तरी ही उडी एकदाच अर्धीमुर्धी जमेल.

पण पृथ्वी पोटाशी फुगलेली आहे, आणि त्या फुगवट्यामुळे कक्षेचं प्रतल आपोआप फिरत राहतं. 500 किमीवर रोज 4.39 अंश, 400 किमीवर 4.62. फरक जेमतेम पाव अंशाचा. तेव्हा 100 किमी खाली उतरायचं आणि नुसतं थांबायचं. सुमारे 43 दिवसांत 10 अंश भरून निघतात, मग वर यायचं. उतरणं-चढणं मिळून 110 मी/से. हजाराच्या जागी एकशे दहा, मोबदल्यात दीड महिना. परतीचा दीड महिना वेगळा.

हे अहवालात एक प्रकरण म्हणून जाईल, कोडमध्ये नाही. वेळ नाही.

15 एप्रिल, मंगळवार

टँकर विरुद्ध उसनवारी. ही तुलना मामासाठी.

एकूण मुदत 120 फेऱ्या, आठ दिवसांना थोडी कमी. एकच टँकर-उपग्रह बाराही जणांकडे क्रमाने गेला तर अकरा टप्पे, प्रत्येकाला फार तर दहा फेऱ्या: 43 गुणिले 11, म्हणजे 470 मी/से, आणि तेही इतरांचं इंधन पाठीवर घेऊन. उसनवारीत सगळ्या जोड्या एकाच वेळी निघतात. प्रत्येकाला जायला साठ, यायला साठ फेऱ्या, शेजारी असेल तर फक्त सात-सात मी/से. टँकर एकामागून एक जातो म्हणून घाईत असतो, शेजारी एकदम निघतात म्हणून निवांत.

पण उसनवारीने नवीन इंधन येत नाही, असलेलंच फिरतं. गल्लीत कोणाच्याच टाकीत नसेल तर नळ्या जोडून काय उपयोग? म्हणून मधला मार्ग: टँकरने एक आड एक असे सहा भरायचे, बाकीच्यांनी शेजाऱ्याकडून घ्यायचं. निम्मी मुदत टँकरला दिली तर त्याचा खर्च 350 च्या आसपास येतो, आणि तो पुढे गेला की मागचे लगेच वाटायला लागू शकतात.

मामाला फोनवर सांगितलं. "सोसायटीच्या टाकीत सोडायचं आणि निघायचं, घरोघरी नाही फिरायचं. एवढ्यासाठी कॉलेज?"

22 एप्रिल, मंगळवार

स्पेडेक्सची रविवारी दुसऱ्यांदा जोडणी झाली.

आज एक अस्वस्थ करणारा मुद्दा निघाला. आम्ही "घेणाऱ्याकडे 4 किलो" असं बिनधास्त लिहितो. पण वजनरहित अवस्थेत टाकीत किती उरलंय ते कळणार कसं? द्रव तळाशी बसतच नाही, काठी बुडवून बघायची सोय नाही. एक उपाय खतावणीचा: थ्रस्टर (उपग्रहाचं छोटं इंजिन) कितीदा, किती सेकंद पेटला याची बेरीज करत राहायची. दुसरा, टाकीतल्या वायूचा दाब आणि तापमान मोजून अंदाज बांधायचा. खतावणीतली चूक साठत जाते आणि उरलेलं इंधन घटत जातं, म्हणजे सर्वांत गरजू उपग्रहाबद्दलचा अंदाज सर्वांत कच्चा. आणि आम्ही त्यालाच चालत यायला सांगतोय.

कोडमध्ये बदल केला: घेणारा हलणार असेल तर येण्याच्या खर्चावर एक किलो राखीव धरायचं. काही जोड्यांत लगेच दिशा फिरली, देणारा निघू लागला. मामाची युक्ती थोडी महाग झाली.

15 मे, गुरुवार

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी अर्धा तास बारीक ऐकलं, जमिनीखालच्या उपग्रहाचा आलेख बघून हसले, आणि शेवटी एकच विचारलं: "तुम्ही जागांची अदलाबदल करता. समजा एक जण वाटेतच बिघडला, परत निघालाच नाही. मग तुमच्या अदलाबदलीचं काय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. जोडीदाराने "तो पुढील अभ्यासाचा विषय आहे" म्हणून वेळ मारून नेली.

घरी येऊन मार्चमधलंच उदाहरण कागदावर काढलं. 5 नंबर 2 पाशी जाऊन अडकला. 1 आपला ठरल्याप्रमाणे 5 च्या जागी बसला. रिकामी राहिली 1 ची जागा. अदलाबदल नसती तर 1 आपल्या जागी आला असता आणि रिकामी राहिली असती 5 ची. दोन्हीकडे भोक एकच, फक्त वेगळ्या ठिकाणी, आणि 1 चं परतीचं इंधन तरी वाचलं.

दोन मिनिटांचं काम होतं. तिथे सुचलं नाही.